मृतांच्या देशाहून

“मग? लांडग्याने तिला वाट दिली की नाही?” ओद्दुरने विचारलं.

“वाचून वाचून घसा कोरडा पडला माझा. कॉफी तरी पिऊ दे,” अल्दीस म्हणाली.

पाच आठवड्यांपूर्वी हाच ओद्दुर या कादंबरीला हसला होता. आइसलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर चाळीस वर्षं तो मासेमारी बोटीचा तांडेल होता. आता नजर गेलेली. दिवसभर खिडकीशी बसायचं आणि बायकोवर, अल्दीसवर, चिडचिड करायची. वाचनालयातून तिने ते जाडजूड पुस्तक आणलं, तेव्हा तो म्हणाला, “देव, राक्षस, बोलणारे लांडगे! मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

पण पहिल्याच प्रकरणात उन्नुर नावाची बाई बुडालेल्या खलाशांना परत आणायला मृतांच्या देशाकडे जहाज हाकारते, आणि ओद्दुर सावरून बसला. “अगं, असल्या वाऱ्यात शीड उतरवतात, मूर्ख बाई!” तो उन्नुरवर ओरडायचा. वाळवलेल्या माशाला लोणी लावता लावता अल्दीस म्हणायची, “त्या लांडग्याचं काही खरं नाही हं.” एकोणीस वर्षांत त्या घरात इतकं बोलणं झालं नव्हतं. त्यांच्या मुलाची, सोल्वीची बोट परत आली नाही, तेव्हापासून. त्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

सोमवारी शेजारी ओद्दुरला गरम पाण्याच्या तलावावर घेऊन गेला. अल्दीसला राहवलं नाही. तिने शेवट वाचून काढला. मृतांची राणी कुणालाच सोडत नाही. उन्नुर रिकामं जहाज घेऊन परतते.

अल्दीसची कॉफी गार होऊन गेली.

त्या दुपारी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ती ओद्दुरला मनानेच रचून वाचून दाखवू लागली. राणीने एकाला सोडलं. सगळ्यांत धाकट्याला. उंच, जरा पोक काढून चालणारा, सुकाणूवर बसला की शीळ घालणारा. मंगळवारी जहाज धुक्यातून बाहेर आलं. बुधवारी धक्क्याला लागलं. पोरगा चढ चढून घरापाशी आला.

“अल्दीस,” ओद्दुर म्हणाला, “सोमवारपासून तू एकही पान उलटलेलं नाहीस. मी आंधळा झालोय, बहिरा नाही.”

“मला तो शेवट वाचवेना रे,” ती कशीबशी म्हणाली.

ओद्दुरने चाचपडत तिच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं, बाजूला ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.

“बरं केलंस. आता पुढचं सांग,” तो म्हणाला. “सोल्वी दाराशी आला. मग?”