ढेकळ्याची उडी

"आमच्या कुत्र्याला काय खायला घालून फितवलंत तुम्ही?"

भोंग्याने विचारलं एकदाचं. मागे कुंपणाच्या कोपऱ्याशी तिच्या तिघी मैत्रिणी श्वास रोखून उभ्या होत्या. "आमच्यापुढे काय जळफळतेस? त्या शेजारणीच्या तोंडावर विचारून दाखव!" ही पैज त्यांनीच लावलेली. आणि पैजेतून माघार घेतली तर तिला घरीदारी भोंगा कोण म्हणणार? दोन महिन्यांपूर्वी वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आला, तेव्हा तिचा आवाज जो चढला, तो अजून उतरायला तयार नव्हता.

शेजारच्या क्वार्टरच्या पायरीवर बसलेल्या वनरक्षक बाईने मान वर केली. ती महिन्यापूर्वीच इथे बदलून आली होती. एका हाताने बुटाचा चिखल खरवडत होती, दुसऱ्या हाताने ढेकळ्याचा कान चोळत होती. ढेकळ्या म्हणजे भोंग्याचा कुत्रा. नांगरलेल्या मातीच्या रंगाचा, पायांत स्प्रिंगा बसवल्यासारखा. पण आत्ता डोळे मिटून असा पसरला होता, जणू याच पायरीवर जन्मला. भोंग्याचा नुसता तिळपापड झाला.

दोन्ही घरांच्या मागे एकच तारेचं कुंपण, आणि पलीकडे थेट जंगल. ससा दिसला, रानकोंबडी फडफडली, की ढेकळ्या कुंपणावरून पार. बाबांनी दोनदा तारा वाढवल्या, तो दोनदा त्यांच्याहून उंच गेला. मागच्या आठवड्यात तर त्याने हरणाच्या पाडसाचा पाय धरला. पाडस वाचलं, पण बाबांनी त्या दिवशी निकाल दिला. "रविवारी याला मामाकडे सोडून येतो. तिसऱ्या मजल्यावर ससे येत नाहीत."

आज शनिवार होता.

भोंग्याला मात्र खरी आग लागली होती ती भलत्याच गोष्टीने. या बाईजवळ असला की ढेकळ्या उडी मारतच नसे! तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वीस पावलांवरून ससा टुणटुणत गेला, ढेकळ्याच्या अंगाला कापरं भरलं, पण बूड काही हललं नाही. आपण घसा फोडून हाका मारल्या तर साहेब वळूनही बघत नाहीत, आणि काल आलेल्या या पाहुणीने नुसतं "हं" म्हटलं की स्वारी बसून! पिल्लू असताना बाटलीने दूध कुणी पाजलं? हिने? याने कुरतडलेल्या पाच चपला कुणी लपवल्या? हिने?

"खायला काहीच घातलं नाही गं," बाई म्हणाली. तिला राग आलाच नाही, त्याने भोंगा आणखी चिडली. "मला सांग, तो पळून गेला की तू काय करतेस?"

"गेला तर गेला! परत येतो तो माझ्याकडेच." भोंग्याने मागच्या तिघींना ऐकू जाईल इतका आवाज चढवला. "कितीही उशिरा येऊ दे, मी फाटकात उभी असते. कडकडून मिठी मारते. पाय धुते, काटे काढते, आईच्या नकळत अंडं देते. त्या दिवशी पुस्तकाला हात लावत नाही की फोनला. तुम्ही करता एवढं?"

"छे, मी कुठली करतेय. गप बसला की कान चोळते, एवढंच." बाईने दुसरा बूट घेतला. "आणि ज्या दिवशी तो कुठेच जात नाही, शहाण्यासारखा अंगणात बसून राहतो, त्या दिवशी काय देतेस?"

भोंग्याला आपले रोजचे दिवस आठवले.

शाळा. मग क्लास. मग पुढच्या स्पर्धेची तालीम, आरशासमोर हातवारे करून. मग मैत्रिणींचे फोन. अंगणात बसलेल्या ढेकळ्याला ओलांडून ती रोज घरात जायची. शेपटी पायात आली तर "सरक रे" म्हणायची. त्याने पहिली उडी मारली ती स्पर्धेनंतरच्याच आठवड्यात.

"अगं, बोल ना!" मागून एक मैत्रीण कुजबुजली.

 भोंग्याने ढेकळ्याकडे पाहिलं. त्याने एक डोळा किलकिला केला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली, आणि जागचा हलला नाही. कधी नव्हे ते तिने त्याला हाक मारली नाही. शेजारी बसून त्याचा दुसरा कान चोळला. बराच वेळ. मैत्रिणी कंटाळून निघून गेल्या.

ती घरी आली तेव्हा बाबा पट्ट्याची कडी तपासत होते आणि आई जुन्या चादरीची घडी पिशवीत भरत होती.

"मामाला फोन करा. ढेकळ्या कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. इतक्या हळू, की ताप आहे का बघायला आईने आधी तिच्या कपाळाला हात लावला.

"भोंगे, पुन्हा सुरू करू नकोस," बाबा म्हणाले. "ससा दिसला की ज्याला घर दिसत नाही, त्याला किती दिवस सांभाळायचं?"

"एक महिना द्या. उद्यापासून शाळेतून आले की आधी तासभर अंगणात, त्याच्याजवळ. मग बाकी सगळं. पुढची स्पर्धा हुकली तरी हुकू दे. एवढं करूनही त्याने उडी मारली, तर मी स्वतः त्याला मामाकडे सोडून येईन."

"आणि त्याने काय होणार? ससे यायचे थांबणार आहेत?"

"सशांसाठी तो जातच नव्हता, बाबा. परत आला की मी भेटते, म्हणून जात होता."