कानावर पडेपर्यंत

"अरे विश्राम, टिटवाळ्याहून हेमाचा फोन आलाय, भाऊकाका..."

"मावशी, पुढं एक अक्षर बोलू नका!"

विश्रामने दोन्ही कानांत बोटं घातली. तेहतीस वर्षांचा घोडा, कलेक्टर कचेरीतला कारकून, अंगात काळा टी-शर्ट आणि भर जिन्यात कानांत बोटं! शेजारच्या सरोजमावशी बघतच राहिल्या. नौपाड्यातल्या त्या बिल्डिंगीत त्यांच्या मजल्यावर फोन फक्त त्यांच्याकडं होता. त्यामुळे सगळ्यांची बरीवाईट बातमी आधी त्यांच्याकडंच यायची.

"संध्याकाळी आलो की ऐकतो. आत्ता नको. पाया पडतो तुमच्या."

"अरे बाबा, ऐकून तर घे!"

ऐकतो कसला! तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला. मावशींनी गॅलरीतून चार हाका मारल्या. गुडघे धड असते तर त्या मागं धावल्या असत्या. विश्रामने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बातमी काय असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. भाऊकाका चार दिवस बेशुद्ध होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. काही झालंच तर मावशींकडं फोन करते, असं हेमा, त्याची बायको, म्हणाली होती. फोन आला, म्हणजे झालं. आता बातमी ऐकली की दहा दिवसांचं सुतक. सुतकात सख्खा पुतण्या गिटार ऐकायला कुठल्या तोंडानं जाणार? पण ऐकलीच नाही, तर सुतक लागतंय कुठं?

ही पळवाट त्याला भाऊकाकांनीच दाखवली होती. त्याच्या मुंजीत पंगत बसलेली असताना गावाहून तार आली. चुलतआजोबा अंथरुणाला खिळलेले, तेव्हा तारेत काय असणार ते उघड होतं. काकांनी ती न फोडता खिशात घातली आणि जिलबीचं ताट उचललं. "कानावर पडेपर्यंत काही झालेलं नसतं रे," असं वर डोळा मारून म्हणाले.

आणि आज 'रेड सिग्नल' ठाण्यात वाजवणार होते. चौदा वर्षं विश्राम त्या बँडच्या मागं वेडा होता. त्यांच्या पहिल्या कॅसेटची टेप तीनदा तुटली, तीनदा त्यानं ती चिकटवली. पण समोर बसून ऐकायचा योग काही येईना. एकदा परीक्षा आडवी आली, एकदा बहिणीचं लग्न, एकदा तर वडीलच गेले. आता बँड मोडणार होता. हा शेवटचा कार्यक्रम, एकोणीसशे एक्क्याण्णवच्या जानेवारीतला. म्हणून शनिवारी तो काकांच्या उशापासून उठला होता. ऑफिसात इन्स्पेक्शन आहे, रविवारी जावंच लागेल, अशी थाप त्यानं हेमाला मारली होती.

सकाळपासून तो स्टेडियमबाहेरच्या रांगेत उभा होता. दुपारी चारला आत पहिली गिटार कडाडली आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. डावखुरा ड्रमर खरंच डावखुरा होता! कॅसेटवरच्या फोटोत पाहिलेला माणूस समोर घामाघूम होऊन वाजवत होता. पहिली तीन गाणी विश्राम नाचला. हो, नाचला, लाज सोडून. बाजूच्या अनोळखी पोरांच्या गळ्यात हात टाकून बेंबीच्या देठापासून ओरडला. त्या वीस मिनिटांत त्याला टिटवाळा आठवलंसुद्धा नाही.

चौथं गाणं मात्र संथ होतं. त्याचं सगळ्यांत आवडतं. वडील गेले त्या वर्षी टिटवाळ्याच्या ओसरीवर त्यानं ते शंभर वेळा वाजवलं असेल. भाऊकाका भजनी माणूस. इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेजारी येऊन बसायचे आणि मांडीवर ठेका धरायचे. ठेका दर वेळी चुकायचा. "लाव रे परत, आता जमेल," म्हणायचे. पोरगं रडत होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

आता हजारो माणसं एका तालात टाळ्या वाजवत होती आणि विश्रामचा हात आपसूक मांडीवर ठेका धरत होता. कसला नालायक माणूस आहे मी, त्याला वाटलं. तिकडं काका तिरडीवर, आणि मी कानांत बोटं घालून इथं नाचतोय. गाणं संपायच्या आतच तो गर्दी रेटत दाराशी आला.

"बाहेर गेलात तर परत आत सोडणार नाही," दारावरचा माणूस म्हणाला.

"नका सोडू."

समोरच पिवळ्या पाटीचा बूथ होता. त्यानं मावशींचा नंबर फिरवला. मागं स्टेडियम दणाणत होतं, म्हणून दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

"मावशी, विश्राम बोलतोय. सांगा आता. चुकलंच माझं. काका गेले ना?"

"गेले रे." मावशी रडत होत्या. "पाचच मिनिटं झाली, आत्ताच हेमाचा फोन येऊन गेला."

"पाच मिनिटं?" त्याला काही समजेना. "मग सकाळचा फोन?"

"सकाळी त्यांना शुद्ध आली होती, विश्राम. त्यांना फक्त तू हवा होतास."