निळं औषध

नवव्या फेरीत, शेवटच्या वळणावर, तिच्या मोटरसायकलचं इंजिन जाम झालं. मागचं चाक अडकलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून ती वाचली. गाडीसकट घसरत गवतात गेली आणि सोलवटलेलं कोपर धरून उठून बसली. त्या क्षणापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती.

गाडी ढकलत शेडमध्ये आणली, तर दादाचा पत्ता नव्हता. तिचा सख्खा मोठा भाऊ, आणि तिच्या गाडीला हात लावणारा एकुलता एक मेकॅनिक. शेजारच्या शेडमधला म्हातारा मिस्त्री तेवढा धावत आला. इंजिन निवेपर्यंत तो थांबला. मग फडकं धरून त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं, आत फडक्याचं टोक बुडवलं आणि उन्हात धरलं. फडकं पांढरंच होतं.

"नुसतं पाणी आहे, पोरी. आणि तेही निम्मंच."

"शक्यच नाही. दादाने सकाळी औषध घातलंय."

औषध म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं निळं द्रावण. असल्या उन्हात त्याने इंजिनाचा ताप आठ-दहा अंशांनी तरी उतरायचा. सकाळी ती हेल्मेट चढवत असताना दादा म्हणालाही होता, "पाजलंय हिला औषध. आता ही तुझ्यापेक्षा थंड डोक्याची झाली बघ." दोघंही हसली होती.

मिस्त्रीने दादाच्या हत्यारांच्या पेटीकडे बघितलं.

तिने ती उघडली. औषधाची बाटली पान्यांच्या खाली होती. भरलेली. झाकणावरचं सील तसंच.

दादा सापडला तो जिंकलेल्या टीमच्या शेडमागे, एकटाच. पलीकडे टाळ्या चालल्या होत्या. तिने बाटली त्याच्यासमोर धरली. तो खोटं बोलला नाही. तेवढं मात्र त्याने केलं.

"हे लोक मला कायमचं घेतायत, चिंगे. हेड मेकॅनिक म्हणून. किती वर्षं पत्र्याखाली पंक्चरं काढू?"

"म्हणून मला हरवलंस?"

"एकच शर्यत गं. त्यांचा पोरगा पुढे यायला हवा होता, बस."

"मी मेले असते, दादा."

"काहीतरीच बोलू नकोस!" त्याचा आवाज चढला. "तुला काही होऊ दिलं असतं का मी? पाणी मोजून भरलं होतं. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की तू गाडी बाजूला घेशील, हे मला पक्कं ठाऊक होतं. का नाही थांबलीस? काटा दिसला नाही तुला?"

कोपरातलं रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तिने ते पुसलं नाही.

"दिसला की. सहाव्या फेरीपासून दिसत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, काटाच बिघडलाय. इंजिन तर तू बघितलं होतंस."