नोंद झालेला पूल

पूल शेवटी पडला. मशीनवाल्याने जेवणाच्या सुट्टीआधीच काम उरकलं. पण असं काही झालंच नाही असं समजून पुढे वाचावं. खात्याचंही सध्या तेच धोरण आहे.

तर खात्याचा नवा कारकून बसमधून उतरला तेव्हा इस्त्रीवाल्या मावशी छत्री घेऊन स्टॉपवर उभ्याच होत्या.

"बंद पडलेल्या रेल्वेपुलाचा इतिहास लिहायला आलात ना? चला, दाखवते."

कारकुनाला बरं वाटलं. नोकरीतलं पहिलंच काम, आणि पत्ता विचारत फिरायची कटकट वाचली. मावशींचं दुकान पुलाच्या एका कमानीत होतं. शेजारी वेल्डर, त्याच्या शेजारी घड्याळवाला. पूल गेला की सगळेच रस्त्यावर.

"आधी तुमची कमान बघू या का?"

"ती शेवटी. इतिहास कसा, सुरुवातीपासून घ्यावा."

हे त्याला पटलं. पहिल्या खांबापाशी त्याने पिशवीतून रंगाचा डबा काढला.

"हे काय?"

"खांबाची नोंद झाली की त्यावर पिवळा आकडा. आकडा नसेल तर मशीनवाला बोटही लावत नाही."

"आणि असेल तर?"

"मग कशाचा खांब आहे तेही बघत नाही. पाडतो."

"म्हणजे आधी आमचं चरित्र लिहिणार, मग गळा दाबणार."

"चरित्र चांगलं लिहीन, मावशी."

"लिहा की. आमच्यातलं एकही माणूस इथून हलणार नाही, हेही लिहा. ठळक अक्षरात."

त्याने ठळक अक्षरात लिहिलं. मग खांबावर हात फिरवून तो म्हणाला, "कागदावर तर दगडी बांधकाम आहे."

"वरून सिमेंट थापलंय. वय झालं की माणूस पावडर लावतंच ना?"

"रूळही दिसत नाहीत."

"गाडी बंद झाल्यावर रूळ काय कुणी शोभेला ठेवतं?"

"आणि वर ती रिबीन कसली?"

इथे मावशींचे दीर पुढे झाले. निवृत्त सिग्नलवाले. ते कधी आले ते कळलंच नाही.

"शेवटच्या गाडीला निरोप दिला तेव्हाची." त्यांचा आवाज जड झाला. "ड्रायव्हर रडला. इंजिनही रडलं, पण ते रोजच गळायचं."

कारकुनाने 'इंजिन रडले' अशी नोंद केली. पुढच्या खांबाशी वेल्डर भेटला. म्हणे, त्याच्या वडिलांनी इथेच गाडी अडवून गार्डाकडे त्याची मुलगी मागितली होती.

"मग?"

"गार्डाने हिरवा झेंडा दाखवला."

प्रत्येक खांबाला एक आठवण निघाली, प्रत्येक आठवणीला एक पिवळा आकडा. ऊन उतरता उतरता रंग संपला.

"आता तुमची कमान राहिली," कारकून चाचरत म्हणाला.

मावशींनी डब्यात डोकावलं. "कशाने रंगवणार? जाऊ दे. बस चुकेल तुझी."

"मावशी, राग मानू नका. मी फक्त नोंद करतो."

"राग कसला रे बाळा? काम चोख केलंस."

बसमध्ये तो पिवळी झालेली बोटं रुमालाला पुसत राहिला. एवढी ताठ बाई, आणि आपण तिच्या छपरालाच आकडे घालून आलो.

मशीन काम उरकून गेल्यावर खात्याच्या साहेबांनी कारकुनाला गाडीत घातलं आणि थेट मावशींच्या दुकानापुढे उतरवलं. साहेबांच्या भुवयांवर सिमेंट बसलं होतं. कारकुनाने वर पाहिलं. दगडी कमान. कमानीवर गंजके रूळ. मावशी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या.

साहेबांनी घसा साफ केला.

"आपल्या व शेजाऱ्यांच्या जबानीवरून पाडण्यात आलेला पूल हा याच खात्याचा, उद्घाटनाच्या प्रतीक्षेतला नवा उड्डाणपूल होता, असे निदर्शनास आले आहे. तरी आपण सर्वांनी आपापल्या आठवणी मागे घेऊन तो पूर्ववत उभा करून द्यावा, ही नम्र विनंती."