लटकलेला बर्फ

रस्ता अडवणारा दांडा आडवा झाला तेव्हा वेरेनाची गाडी त्याच्यापासून हातभरावर होती. दांडा पाडणारा तिचा सासराच होता.

“बाबा, मला तेवढं जाऊ द्या.” दाढ काढल्यामुळे तिचा अर्धा जबडा अजून बधिर होता, शब्द ओले होऊन बाहेर पडत होते. “सेव्हरिन दुधाची बाटली तोंडात धरत नाही. सकाळपासून उपाशी आहे हो तो.”

एंगेलबर्टने कुलूप लावलं, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. रस्ता कधी बंद करायचा, हे ठरवणाऱ्या गावच्या चौघांपैकी तो एक. “वाऱ्यानं वर उतारावर बर्फ रचून ठेवलाय, पोरी. कधी सुटेल सांगता येत नाही.”

मागून पावाची गाडी घेऊन आलेला हाइनी ओरडला, “अरे, सूनबाई आहे, तिच्यासाठी तरी उचल! माझे पावही ताजे पोचतील.”

“शिळा पाव चावता येतो, हाइनी. गाडला गेलेला नाही.”

“मग मी पळत जाते,” म्हणत वेरेना गाडीतून उतरली. घर दिसतही होतं, त्या वळणापलीकडे, चर्चच्या मनोऱ्याला लागून.

“जा. आणि तुला उकरायला कोणाला पाठवू? तुझ्या नवऱ्याला?”

ती थांबली. फोन वाजला. सासूबाईंच्या आवाजाआधी सेव्हरिनचं रडणंच आलं, आणि त्यासरशी तिची छाती दुधानं भरून वाहू लागली. स्वेटर भिजला, मग जाकीट.

“हेलिकॉप्टर बोलवा ना. सुरुंग टाकून पाडू दे तो बर्फ.”

“ढगात कुठे उडणार? आपणहून आला खाली, तर यंत्रं लावून रस्ता मोकळा करू. पण लटकलेला आहे तोवर काही नाही.”

हे काय तिला माहीत नव्हतं? सेव्हरिन झाल्यापासून रोज ती खिडकीतून याच उताराकडे बघून म्हणत आली होती, राहा बाबा तिथंच.

“आई, फोन ठेवू नका,” ती म्हणाली.

“नाही ठेवत गं. पण दमलं लेकरू. आता रडतही नाहीये.”

फोनमधून फक्त सासूबाईंच्या झुलत्या खुर्चीची करकर येत राहिली. वेरेनाने मान वर केली. उतार पांढरा, गुळगुळीत, गप्प.

“ये की रे खाली!” ती किंचाळली. “मेल्या, एकदाचा पड तरी!”

हाइनीने गाडीचं इंजिन बंद केलं.

“आपल्याकडे असं मागत नाहीत, पोरी,” एंगेलबर्ट हळूच म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने डोक्यावरची टोपी काढली, चर्चमध्ये प्रार्थनेला धरतात तशी दोन्ही हातांत धरली, आणि तोही वर बघत उभा राहिला. वेरेनाच्या जाकिटाचा भिजलेला भाग गारठून कडक होऊ लागला होता.