मातीची भर

टेम्पोत शिलाई मशीन चढलं, कपड्यांची बोचकी चढली, तरी नाथाजी फाटकातून हलेनात.

"पोरी, येवढं परसात बघून जा," सासरे सुनेला म्हणाले. "तुज्या स्ट्रॉबेरीला मी एक दीस पाण्याबिगर ठिवलं न्हाई."

राजेश्वरीनं स्टिअरिंगवर बसलेल्या भावाकडं पाहिलं. त्यानं मोबाईलात वेळ बघितली. नवरा आतल्या खोलीत होता. दार लोटलेलं होतं.

ती परसात आली. ही रोपं तिनंच दसऱ्याला माहेराहून, महाबळेश्वराच्या डोंगरातून आणलेली. ओल्या गोणपाटात गुंडाळून, पोटाशी धरून. चौदा होती. दिवाळीला ती माहेरी गेली; आज पौषात आली ती आपलं सामान कायमचं न्यायला.

वाफ्याजवळ तिचे पाय थांबले. वाफा कुठला, उसाचा फडच तो. सरी सरळ, वरंबा चोपून बसवलेला, आणि एकेका रोपाच्या गळ्यापर्यंत माती. वर उरलेली पानं तांबूस, माना टाकलेली.

"बुडं उघडी पडलीवती गं," नाथाजी हौसेनं सांगू लागले. "वाऱ्यानं हलायची. म्हणलं, भर लावावी. आपला ऊस तरी भर लावल्याबिगर उभा ऱ्हातो व्हय? तीनदा लावली. लोक हसत्यात. शेजारचा बिरदेव म्हणतो, आबा, ह्येची तोड कवा? कारखान्याला कळवू का?" ते एकटेच हसले. "हसू देत. संक्रांतीपतूर फळ धरंल. पयलं फळ तुज्या हातानं तोड. तेवढं तरी ऱ्हा."

राजेश्वरी खाली बसली. बोटांनी माती बाजूला सारली. स्ट्रॉबेरीचा गाभा, जिथून पानं फुटतात तो, मातीच्या वर लागतो, मोकळ्या उन्हात, मोकळ्या वाऱ्यात. तिनं पान धरलं तर सगळं रोपच हातात आलं. गाभा काळा, मऊ. दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौदाव्यापर्यंत तिनं बघितलं.

"कीड लागली काय गं?"

"न्हाई मामंजी. गाभा मातीखाली गेला. मग कुजतंय ते."

नाथाजी आपल्या हातांकडं बघत राहिले. "लेकरागत केलं मी ह्यांचं."

"मला ठावं हाय की."

"मग एका शबुदानं सांगायचं हुतंस. फोनवर तरी."

"मला कुणी इचारलंच न्हाई, मामंजी."

ती रागानं बोलली नाही. बाहेर हॉर्न वाजला.

"पुन्यांदा लावू," नाथाजी घाईनं म्हणाले. "तू सांगशील तशी. माती तू म्हणशील तेवढीच."

राजेश्वरीनं मेलेली रोपं परत सरीत ठेवली, एकाशेजारी एक, निजवल्यासारखी. नळाखाली हात धुतले. मग ओढणी सावरून सासऱ्यांच्या पाया पडली.

सून माहेराला निघाली की थोरल्यांनी 'जाऊन ये' म्हणायचं असतं. नाथाजींचे ओठ हलले.

"सावकाश जावा," ते म्हणाले, पाहुण्यांना म्हणतात तसं.