सडकेची पाहणी

सुज्ञ वाचकहो, खालापूर तालुक्यातील आमच्या गावास पक्की सडक का लाभली नाही, त्याचे यथातथ्य कथन मी येथे नम्रपणे करीत आहे.

युद्ध संपल्यानंतरच्या माघात, सरकारच्या नव्या सडक-योजनेसाठी इंजिनेर साहेब आमच्या वाटेची पाहणी करावयास येणार होते. साहेबांच्या अंगावर धुरळा उडू नये म्हणून मालोजी पाटलांनी वाट झाडून घेतली, पाणी शिंपडविले, आणि साहेब परतेपर्यंत एकही गाडी बाहेर काढू नये अशी ताकीद दिली. त्याच सकाळी माझी पत्नी आनंदी बाळंतपणात अडली. तिला कर्जतच्या दवाखान्यात नेण्यास मी गाडी जुंपली, तेव्हा पाटलांनी ती बांबूच्या बेटामागे थांबविली आणि बैलांच्या घुंगुरमाळाही उतरविल्या.

"पाटील, जाऊ द्या ना. ती बोलत बी नाय आता."

"जरा दम धर रं, सहदेवा. सायब घडीभरात जातील. सडक झाली तर गावच्या पोरी वेळेत पोचतील."

साहेब मात्र वडाखाली खुर्ची टाकून दुपार ढळेपर्यंत बसून राहिले. मग उठून म्हणाले, "पाटील, या वाटेने गाड्या किती जातात तेच मोजायला मी आलो होतो. एकही गेली नाही. इथे सडक कशाला हवी?"

पाटील धापा टाकीत बेटामागे आले.

"हाक रं गाडी, सायबाला दिसू दे."

तोवर मी बैल सोडले होते आणि आनंदीच्या तोंडावर पदर ओढला होता.

आपण हे वाचलेत, याबद्दल मी सहदेव भिवाजी ठोंबरे आपला आभारी आहे.